जोखीम कोणाच्या नावावर?

१. "आयटीवाले आहेत की! मग आम्ही कशाला?"

कंपनीत सायबर जोखमीच्या प्रशिक्षणाची सूचना फिरली की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा कधी अकाउंट्समधला असतो, कधी खरेदी विभागातला, तर कधी खुद्द कारखान्याचा व्यवस्थापक. त्याचं म्हणणं सरळ असतं. संगणक सांभाळायला माणसं नेमली आहेत, अँटिव्हायरसचे पैसे दरवर्षी भरतो, फायरवॉलही बसवून घेतली. मग हातातलं काम टाकून मी दोन दिवस वर्गात बसून काय शिकणार?

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही आडवळण न घेता देतो. या प्रशिक्षणात ठरवायला शिकवतात. काय बंद पडलं तर धंदा किती दिवस तग धरेल, त्यासाठी आज किती खर्च करायचा, कोणतं नुकसान सोसायचं आणि संकटाच्या वेळी शेवटचा शब्द कोणाचा, हे ठरवायचं असतं. यातलं एकही उत्तर सर्व्हररूममध्ये सापडत नाही. ज्याच्या हातात पैसा, माणसं आणि ग्राहक आहेत त्यानेच ते द्यावं लागतं.

हे पटण्यासाठी पुण्यात घडलेली एक गोष्ट नीट पाहू.

२. दुसरा शनिवार, ११ ऑगस्ट २०१८

कॉसमॉस ही पुण्यातली १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दिवशी २८ देशांतल्या एटीएममधून कॉसमॉसच्या बनावट कार्डांवर भराभर नोटा निघू लागल्या. परदेशात सुमारे १२,००० व्यवहार झाले आणि त्यांतून ७८ कोटी रुपये गेले. भारतात २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी निघाले. पैसे काढणारे कोल्हापुरातल्या एटीएमसमोरही उभे होते. सोमवारी, १३ तारखेला, बँकांमधले आंतरराष्ट्रीय व्यवहार ज्या स्विफ्ट यंत्रणेतून होतात तिच्यातून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

हे झालं कसं? तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता तेव्हा ते यंत्र स्वतःच्या मनाने पैसे देत नाही. ते तुमच्या बँकेला विचारतं: हे कार्ड खरं आहे का, खात्यात शिल्लक आहे का? हा प्रश्न बँकेतल्या 'स्विच' नावाच्या यंत्रणेकडे येतो, ती मुख्य प्रणालीतली नोंद तपासते आणि "द्या" किंवा "देऊ नका" असं कळवते. हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून स्वतःचा एक नकली स्विच उभा केला. प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोचलेच नाहीत. नकली स्विच प्रत्येक वेळी "द्या" म्हणत राहिला. त्यामुळे कोणाही खातेदाराची शिल्लक कमी झाली नाही, गेला तो बँकेचा पैसा. उत्तर कोरियावरच्या निर्बंधांवर लक्ष ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात हा हल्ला त्या देशाच्या सायबर पथकांशी जोडला. एटीएममधून पैसे काढणाऱ्या अकरा जणांना पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये दोषी ठरवलं.

शनिवार निवडला गेला तो उगीच नव्हे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर असाच दरोडा पडला तेव्हा सुरुवात गुरुवारी रात्री झाली. शुक्रवारी ढाक्याला साप्ताहिक सुट्टी. बांगलादेश बँकेचं खातं न्यूयॉर्कला, आणि तिथे शनिवार-रविवार बंद. चोरीचा पैसा जिथे पोचला त्या फिलिपिन्समध्ये सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. हल्लेखोरांनी तीन देशांची कॅलेंडरं जुळवली होती. त्यांनी ९५ कोटी १० लाख डॉलर मागितले. बहुतेक मागण्या अडल्या, तरी ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोचलेच. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर मात्र वाचले, कारण मागणीत 'फाउंडेशन' या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि ते एका बँकेच्या नजरेला खटकलं.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे या दोन्ही घटना घेऊन पाहा. सुट्टीच्या दिवशी व्यवहारांवर नजर कोण ठेवणार? परदेशातून एका दिवसात जास्तीत जास्त किती रक्कम जाऊ द्यायची? आकडे विचित्र दिसले तर सगळी कार्डं तडकाफडकी बंद करण्याचा अधिकार शनिवारी दुपारी कोणाकडे असेल, आणि नंतर काहीच निघालं नाही तर त्या माणसाच्या पाठीशी कोण उभं राहील? कॉसमॉसच्या घटनेच्या आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने जगभरात एटीएम लुटीचा मोठा बेत शिजतो आहे असा गोपनीय इशारा बँकांना दिला होता. तुमच्या कंपनीत शुक्रवारी संध्याकाळी असा इशारा ईमेलने आला, तर तो कोणाच्या इनबॉक्समध्ये पडेल आणि वाचणाऱ्याला पुढे काय करायचं हे ठाऊक असेल का? हे सगळे प्रश्न कारभाराचे आहेत.

३. जोखीम कशाची बनते?

प्रशिक्षणात पहिल्या तासाला चार गोष्टी वेगळ्या करायला शिकवतात, कारण बोलताना आपण त्या एकात एक मिसळतो. तुमच्याकडचं मोलाचं काय आहे, ही पहिली. त्याच्यावर कोणाचा किंवा कशाचा डोळा आहे, हा धोका. तो आत शिरेल अशी कच्ची जागा कोणती, ही तिसरी. आणि तसं झालंच तर काय नुकसान होईल, ही चौथी. चारही एकत्र आल्या की जोखीम तयार होते. एक जरी नसली तरी घाबरण्याचं कारण उरत नाही. ज्या जुन्या संगणकावर काहीच मोलाचं नाही आणि जो कोणत्याही जाळ्याला जोडलेला नाही, त्याच्यावर कितीही विषाणू असले तरी धंद्याला जोखीम नाही.

सप्टेंबर २०२२ मधलं उदाहरण घ्या. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आला. पाठवणाऱ्याने स्वतःला कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला म्हणवलं होतं आणि काही बँक खात्यांवर लगेच पैसे भरायला सांगितलं होतं. कंपनीकडून १ कोटी १ लाखाहून अधिक रक्कम गेली आणि मग कळलं की पूनावालांनी असा संदेश पाठवलाच नव्हता. सर्व्हरमध्ये शिरून केलेली ही चोरी नव्हती. ऑस्ट्रियातल्या एफएसीसी या विमानांचे भाग बनवणाऱ्या कंपनीने अशाच तोतया ईमेलपायी सुमारे ५ कोटी युरो गमावले आणि २०१६ मध्ये तिथल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पद सोडावं लागलं.

अशा फसवणुकीवरचा उपाय जवळजवळ फुकट आहे. पैसे भरण्याचा किंवा पुरवठादाराचं खातं बदलण्याचा निरोप आला की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, आणि ठरावीक रकमेच्या वर दोन माणसांची मंजुरी घ्यायची. पण हा नियम अकाउंट्स विभागाने करायचा आणि पाळायचा असतो. शिवाय साहेबांनीही आधीच सांगून ठेवायला हवं की, "माझ्या नावाने निरोप आला तरी मला फोन करा, मी रागावणार नाही." हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फोन करून विचारायची भीती वाटते अशा कंपनीत कोणतीही प्रणाली कामाला येत नाही.

एकदा हे चार भाग कळले की ते लिहायचे असतात. त्या कागदाला जोखीम नोंदवही म्हणतात. तिथे बहुतेक जण पहिल्यांदा "सर्व्हर जुना झाला आहे" असं लिहितात. ही तक्रार झाली, जोखीम नव्हे. नोंद अशी हवी: "सर्व्हरला नवे सुरक्षा अपडेट मिळत नसल्यामुळे रॅन्समवेअर शिरू शकतं, त्यामुळे ऑर्डर आणि बिलांचं काम आठवडाभर बंद राहील आणि माल वेळेवर जाणार नाही." कारण, घटना, परिणाम. हे वाक्य वाचून विक्री विभागाचा माणूसही ताठ बसतो.

४. रुपयांत मांडून पाहू

'जास्त', 'मध्यम', 'कमी' असे लाल-पिवळे-हिरवे चौकोन भरून जोखीम दाखवण्याची पद्धत सगळीकडे आहे. सुरुवातीला ती सोयीची पडते. पण दोन लाल चौकोनांपैकी आधी कशावर पैसे खर्च करायचे, हे रंग सांगत नाहीत. म्हणून आकडे मांडायला शिकवतात.

समजा, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. हा कारखाना आणि त्याचे आकडे मी केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. वर्षाची विक्री ३६ कोटी, कामाचे दिवस ३००, म्हणजे दिवसाची विक्री १२ लाख. कच्च्या मालाचा आणि तत्सम खर्च वजा जाता त्यातले ३० टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार, हातात राहतात आणि त्यातूनच पगार, भाडं, हप्ते भागतात.

आता रॅन्समवेअरचा हल्ला झाला. हा असा विषाणू की जो तुमच्या फाइली कुलूपबंद करतो आणि चावीसाठी खंडणी मागतो. कारखान्याचं काम ८ दिवस थांबलं तर ३.६ गुणिले ८, म्हणजे २८ लाख ८० हजार गेले. माल न पोचल्यामुळे मोठ्या ग्राहकाने लावलेला दंड १० लाख धरू. प्रणाली परत उभी करायला बाहेरचे तज्ज्ञ बोलावले, त्यांचे ६ लाख. बेरीज ४४ लाख ८० हजार. असं संकट पाच वर्षांतून एकदा येईल असा अंदाज धरला, तर वर्षाला सरासरी ८ लाख ९६ हजार, म्हणजे जवळपास ९ लाखांची जोखीम आपण डोक्यावर वागवतो आहोत.

आयटी विभागाचा प्रस्ताव असा: बॅकअपची एक प्रत जाळ्यापासून तोडून वेगळी ठेवू, एक जादा सर्व्हर तयार ठेवू आणि दर तिमाहीला सराव करू. वर्षाचा खर्च अडीच लाख. त्यामुळे बंदचे दिवस ८ वरून २ वर येतील. मग नुकसान ७ लाख २० हजार, दंड अंदाजे २ लाख, तज्ज्ञांचे ४ लाख, मिळून १३ लाख २० हजार. पाच वर्षांत वाटलं तर वर्षाला २ लाख ६४ हजार. जोखीम सुमारे ६ लाख ३० हजारांनी उतरली आणि खर्च अडीच लाखांचा आहे. आता मालकापुढे ठेवायला काहीतरी ठोस आहे.

ही सरासरी उपयोगी आहे, पण ती फसवीही असते. वर्षाला ९ लाख हे नुकसान प्रत्यक्षात कोणत्याच वर्षी होत नाही. चार वर्षं शून्य आणि एका वर्षी, तेही एकाच महिन्यात, ४५ लाख. त्या महिन्यात कारखान्याच्या खात्यात ४५ लाख असतील का? पगाराची तारीख गाठता येईल का? लहान उद्योग बुडतो तो असल्या एका महिन्यात. म्हणून चांगला प्रशिक्षक सरासरी मांडून झाल्यावर हमखास विचारतो, "सगळ्यात वाईट महिना तुम्ही तारून न्याल का?" आणि पाच वर्षांतून एकदा हा आकडा कुठून आणला, तो तिप्पट चुकला तर निर्णय बदलेल का, हेही तपासायला लावतो.

५. चार वाटा

जोखीम मोजली, आता तिचं करायचं काय? नदीकाठी शेती असलेला शेतकरी हे पिढ्यान् पिढ्या करत आला आहे. पूररेषेच्या आतल्या तुकड्यात तो पावसाळ्यात पेरतच नाही. ही टाळण्याची वाट. वरच्या शेताला बांध घालतो, चर खणतो. ही कमी करण्याची. पीकविमा उतरवतो, ही काही भार दुसऱ्यावर सोपवण्याची. आणि तरीही एखाद्या वर्षी काही गुंठे जातील हे धरूनच घरखर्चाचा हिशेब करतो, ही स्वीकारण्याची.

आपल्या कारखान्याने ग्राहकांचे आधार क्रमांक गोळा करून ठेवले असतील आणि त्यांचा काहीच उपयोग नसेल, तर ते साठवणंच बंद करणं ही पहिली वाट. फारच थोड्या कंपन्या ती चोखाळतात, हे मला खटकतं. सगळ्यात स्वस्त वाट तीच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जी माहिती तुमच्याकडे नाहीच, ती तुमच्याकडून चोरीला जाऊ शकत नाही.

विम्याबद्दल एक गैरसमज वारंवार दिसतो. सायबर विमा घेतला की जबाबदारी विमा कंपनीची, असं लोक धरून चालतात. विमा कंपनी अटींत बसलं तर काही पैसे देते. कायद्यापुढचं उत्तरदायित्व आणि ग्राहकाचा विश्वास यांचा विमा उतरवता येत नाही. प्रस्ताव अर्जात "आम्ही बॅकअप ठेवतो" असं लिहिलं आणि प्रत्यक्षात ठेवला नाही, तर दावा अडकू शकतो.

स्वीकारण्याची वाट मुकाट्याने धरायची नाही, ही या विषयातली शिस्त आहे. जोखीम स्वीकारायची तर कोणी, किती काळासाठी आणि कोणत्या कारणाने, हे लिहून सही करायची. सही करायची वेळ आली की बरेच जण आपला निर्णय पुन्हा तपासतात.

६. सही कोणाची?

प्रत्येक जोखमीला एक मालक असला पाहिजे. विभागाचं नाव चालत नाही, माणूस लागतो. तो बहुधा आयटीचा नसतो. पगाराची माहिती फुटण्याच्या जोखमीचा मालक एचआर प्रमुख, बिलं थांबण्याच्या जोखमीचा मालक वित्तप्रमुख, यंत्रं बंद पडण्याच्या जोखमीचा मालक उत्पादन प्रमुख. आयटी आणि सुरक्षा विभाग त्यांना सल्ला देतो, उपाय उभारतो, आणि उपाय चालतो आहे की नाही हे दाखवतो.

जगातले नियमही हेच सांगू लागले आहेत. माहितीच्या सुरक्षेसाठी सर्वत्र वापरलं जाणारं आयएसओ २७००१ हे मानक २०२२ मध्ये सुधारलं, तेव्हा त्यातले उपाय ९३ झाले. त्यांत तंत्रज्ञानाचे आहेत ३४. माणसांशी संबंधित ८, इमारत-कुलूपं-केबल अशा भौतिक गोष्टींचे १४ आणि संस्थेच्या कारभाराचे तब्बल ३७. म्हणजे तंत्रज्ञानापेक्षा कारभाराचे उपाय जास्त. अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेने २०१४ मध्ये सायबर सुरक्षेची चौकट मांडली तेव्हा तिच्यात पाच कामं होती: ओळखणं, संरक्षण करणं, हल्ला हेरणं, प्रतिसाद देणं आणि पूर्ववत होणं. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत सहावं काम आलं, ते कारभाराचं.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने जून २०१६ मध्येच बँकांना सांगितलं होतं की सायबर सुरक्षेचं धोरण आयटीच्या धोरणापासून वेगळं हवं आणि त्याला संचालक मंडळाची मंजुरी हवी. कॉसमॉसच्या घटनेनंतर दोन महिन्यांत नागरी सहकारी बँकांसाठी किमान सुरक्षेची चौकट आली, आणि २०१९ च्या अखेरीस बँकेच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार पायऱ्या ठरल्या. मोठ्या बँका आणि वित्तसंस्थांसाठी १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांत तर स्पष्ट म्हटलं आहे की माहिती सुरक्षा अधिकारी आयटी प्रमुखाच्या थेट हाताखाली नसावा आणि त्याला धंद्याची उद्दिष्टं देऊ नयेत. प्रणाली चालू ठेवणाऱ्यालाच तिच्यातले दोष दाखवायला सांगितलं, तर दोष वरपर्यंत पोचत नाहीत.

७. दुसऱ्याच्या दारातून

३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार अडले. त्या बँकांवर हल्ला झालेला नव्हता. त्यांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीत रॅन्समवेअर शिरलं होतं, आणि ते पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, तिला तात्पुरतं तोडलं. दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली. पण या बँकांनी स्वतःच्या शाखेत कितीही काळजी घेतली असती तरी तो दिवस टळला नसता.

याहून मोठं उदाहरण मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' हा विषाणू सुटला. मर्स्कच्या युक्रेनमधल्या कार्यालयात ते सॉफ्टवेअर होतं. तिथून विषाणू जगभर पसरला आणि न्हावाशेव्यातल्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं कामही थांबलं. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

त्यातली एक बाब प्रत्येक प्रशिक्षणात सांगितली जाते. कोणता कर्मचारी कोण आणि त्याला कशाची मुभा आहे, ही यादी ज्या सर्व्हरवर असते त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. मर्स्ककडे जगभर असे सुमारे दीडशे होते आणि ते एकमेकांच्या प्रती राखत होते. एक पडला तर दुसरा आहे, असा भरवसा. सगळे एकदम पुसले जातील, असं कोणी धरलंच नव्हतं. घानामधला एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती. एकमेकांना जोडलेल्या शंभर प्रतींपेक्षा जोडणी तोडून ठेवलेली एक प्रत अधिक कामाची, हे त्यातून कळलं.

म्हणून खरेदी विभागाला या वर्गात बसवतात. पुरवठादाराशी करार करतानाच विचारायचं असतं: तुमच्याकडे हल्ला झाला तर आम्हाला किती तासांत कळवाल? आमची माहिती आणखी कोणाच्या हाती देता? करार संपल्यावर ती पुसल्याचा पुरावा द्याल का?

८. कोणता अभ्यासक्रम, कोणासाठी?

इथे फार वेळ घालवण्याचं कारण नाही, पण विचारणारे पुष्कळ असतात. जोखीम हाच व्यवसाय करायचा असेल तर आयसाका या संस्थेची 'क्रिस्क' ही परीक्षा आहे. चार तासांत १५० प्रश्न, २०० ते ८०० अशा मापावर किमान ४५० गुण, आणि प्रमाणपत्रासाठी तीन वर्षांचा संबंधित अनुभव. सुरक्षा विभाग चालवायचा असेल तर त्याच संस्थेची 'सिझम', तिला पाच वर्षांचा अनुभव लागतो. तंत्राची व्यापक बाजू हवी असेल तर 'सीआयएसएसपी'. पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक तरुण अभियंत्यांसाठी पदव्युत्तर पदविका चालवते. सरकारी खात्यांतल्या सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी केंद्राने २०१८ पासून 'सायबर सुरक्षित भारत' उपक्रमात प्रशिक्षण सुरू केलं.

अकाउंट्स, एचआर किंवा उत्पादनातल्या माणसाला यातली कोणतीही परीक्षा देण्याची गरज नाही. त्याला एक-दोन दिवसांचा, स्वतःच्या कंपनीच्या उदाहरणांवर चाललेला वर्ग पुरतो. संचालकांना तर अर्धा दिवसही पुरे, मात्र त्यात पुढचा सराव असायलाच हवा.

९. टेबलावरचा हल्ला

या सरावात संगणक लागत नाही. एक मोठं टेबल, सात-आठ माणसं आणि चिठ्ठ्या. प्रशिक्षक घटना सांगत जातो आणि प्रत्येकाने आपल्या हुद्द्यावरून निर्णय घ्यायचा. आपल्या चाकणच्या कारखान्यालाच बसवू.

पहिली चिठ्ठी: धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीची सकाळ, नऊ वाजून दहा मिनिटं. भांडारातल्या संगणकावर लाल पडदा आणि खंडणीची सूचना. भांडारातला मुलगा काय करेल? कोणी म्हणतं संगणक बंद करेल. प्रशिक्षक थांबवतो: जाळ्याची वायर काढा, वाय-फाय तोडा, पण संगणक चालू राहू द्या, हल्ल्याचे काही पुरावे त्याच्या चालू स्मृतीत असतात आणि बंद करताच जातात. मग प्रश्न येतो, हे त्या मुलाला कधी कोणी सांगितलं होतं का? आणि तो कळवणार कोणाला?

दुसरी चिठ्ठी: विषाणू पसरतो आहे. सगळं जाळं तोडलं तर उत्पादन थांबेल. तोडायचं का? आयटी प्रमुख मालकांकडे पाहतो, मालक उत्पादन प्रमुखाकडे. इथे चांगली वीस मिनिटं जातात. प्रत्यक्षात तेवढ्यात आणखी किती संगणक गेले असते, हे प्रशिक्षक फळ्यावर लिहितो. बहुतेक कंपन्यांना आपल्या कारभारातली सगळ्यात मोठी फट इथे दिसते. थांबवण्याचा अधिकार कोणालाच दिलेला नसतो.

तिसरी: तज्ज्ञांना आणि विमा कंपनीला फोन करा. नंबर कुठे आहेत? सर्व्हरवर. पॉलिसीची प्रत? तीही सर्व्हरवर. मोठ्या ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्याचा नंबर? तो एकाच विक्री प्रतिनिधीच्या मोबाइलमध्ये, आणि तो सुट्टीवर गावी गेलेला.

चौथी: घटना लक्षात आल्याला चार तास झाले. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना कळल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवणं बंधनकारक आहे. कोण कळवणार, काय लिहिणार? आदेशाप्रमाणे १८० दिवसांच्या नोंदी जपून ठेवायच्या असतात. त्या आहेत का, की त्याही कुलूपबंद झाल्या?

पाचवी एचआरच्या नावाने निघते. आज बोनस जमा व्हायचा होता. पगाराची यादी उघडत नाही. कामगार दारात उभे आहेत. त्यांना काय सांगायचं? खरं सांगायचं, एवढ्यावर एकमत होतं, पण वाक्य तयार करायला बसलं की ते किती अवघड आहे हे समजतं. एखादी अनुभवी एचआर व्यवस्थापक गेल्या महिन्याची यादी छापून ठेवते, तिच्यावरून उचल देता येईल असं सुचवते, आणि टेबलावरचा सगळ्यात उपयोगी उपाय त्या क्षणी तिच्याकडून येतो.

सहावी खंडणीची. द्यायची का? यावर वाद होतो आणि व्हायलाच हवा. पैसे देऊन चावी मिळेलच असं नाही, मिळाली तरी सगळ्या फाइली उघडतील असं नाही, आणि चोरून नेलेली प्रत त्यांच्याकडेच राहते. पण बॅकअप नसलेल्या मालकासमोर दीडशे कुटुंबं उभी असतात. तो निर्णय त्या दिवशी घ्यावा लागू नये, यासाठीच चौथ्या विभागातला अडीच लाखांचा प्रस्ताव होता. आधी महाग वाटलेला तो कागद या टप्प्यावर मालक पुन्हा मागवतात, असं मी पाहिलं आहे.

सराव संपल्यावर एक तक्ता भरायचा: काय अडलं, ते कोण दुरुस्त करणार, कोणत्या तारखेपर्यंत. फोन नंबरांची छापील यादी, प्रशासन अधिकारी, येत्या सोमवारी. जाळं तोडण्याचा लेखी अधिकार पाळीवरच्या पर्यवेक्षकाला, मालकांची सही, पंधरवड्यात. बॅकअपमधून बिलिंगची प्रणाली प्रत्यक्ष उभी करून दाखवणं, आयटी प्रमुख, महिनाअखेर.

तिसऱ्या ओळीतल्या कामाला घड्याळ लावून बसा. आयटी विभागाने दोन दिवस सांगितले होते. पहिल्या प्रयत्नाला पाच लागले तर कोणावर ओरडू नका. नोंदवहीत दोनच्या जागी पाच लिहा, मधल्या तीन दिवसांचे दररोजचे ३ लाख ६० हजार धरून हिशेब नव्याने मांडा, आणि ज्याच्या नावावर ती जोखीम आहे त्याच्यापुढे तो सहीसाठी ठेवा.